पीओ मागाहून येते

मा. अध्यक्ष,
अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्ड,
इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, नवी दिल्ली



तारापूर एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची पुस्तकं मी लिहितो. वर्षअखेर झाली, ऑडिटर येऊन बसले की पहिला प्रश्न ठरलेला: "या बिलाची पीओ कुठाय?" पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, नसते. दोन दिवसांनी ती फायलीत हजर होते, मागची तारीख लेवून. कुठून आली, हे मग कोणी विचारत नाही. त्या दोन दिवसांबद्दल हे पत्र आहे.

बोईसरात, म्हणजे याच एमआयडीसीत, काम ठरतं कसं ते आधी सांगतो. रात्री मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याचा फोन येतो: "शाफ्ट पाठवतोय, शुक्रवारपर्यंत टर्निंग करून द्या. रेट मागचाच, थोडं वर-खाली नंतर बघू." सकाळी टेम्पो दारात. सोबत चलन, त्यावर नग, वजन आणि 'जॉबवर्कसाठी' असा शेरा. दराचा रकाना कोरा. काम होतं, माल परत जातो, त्यांच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारतो. २९ मार्चला पोचलेल्या मालाची पीओ निघते ६ एप्रिलला. वरातीमागून घोडं. आणि तीवर खरी तारीख असली तर ऑडिटर म्हणतात, करारच एप्रिलचा आहे, मग उत्पन्न मार्चमध्ये कसं धरलं?

उत्तर तुमच्याच घरात आहे. इंड एएस ११५ हे उत्पन्न धरण्याचं मानक सांगतं की करार लेखी असेल, तोंडी असेल किंवा धंद्याच्या रिवाजातून आलेला असेल, तिन्ही चालतात. कोणी काय करून द्यायचं आणि पैशाच्या अटी काय, हे कळलं पाहिजे. व्यवहारात काही आर्थिक अर्थ हवा. पैसे येण्याची शक्यता दाट हवी. दर पैशापर्यंत पक्का हवा असं त्यात कुठेही नाही, अंदाज करायला मुभा आहे. शिवाय गिऱ्हाइकाच्याच मालावर काम असेल, तर जसजसं काम होईल तसतसं उत्पन्न धरायचं, हेही तिथे लिहिलंय. १८७२ च्या करार कायद्यालाही तोंडी कराराचं वावडं नाही. म्हणजे आमचा शाफ्ट मार्चचाच.

अडचण अशी की हे मानक आमच्यासाठी नाही. ते शेअर बाजारातल्या आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांसाठी. त्याचं मूळ, आयएफआरएस १५ हे आंतरराष्ट्रीय मानक, मे २०१४ मध्ये आलं. पण आमच्या सरावली-कुंभवलीच्या बाजूची शेड भाड्यानं घेऊन चालणारी प्रायव्हेट लिमिटेड अजून १९८५ च्या एएस ९ या जुन्या मानकावर आहे. त्यात मालकी, जोखीम आणि वसुलीची खात्री यांचा विचार आहे. करार झाला की नाही हे ओळखायची पायरीच नाही. पायरी नाही म्हणून ऑडिटर कागदाला धरून बसतात. त्यांचं तरी काय चुकलं? उद्या त्यांच्या फायली तपासल्या जाणार आहेत.

या कागदापायी छोट्या माणसाचं काय जातं, ते फार थोड्यांच्या लक्षात येतं. एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ पाहा. मुदतीचा लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे. असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या वर नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातली खर्चाची वजावटही याच मुदतीला बांधली गेली. आता मागाहून आलेली ती पीओ उलटून बघा: मागच्या बाजूला बारीक अक्षरात '९० दिवस'. ते ९० कायद्यापुढे टिकत नाहीत, पण ४५ टिकतात. ऑडिटरच्या समाधानासाठी मागची तारीख टाकून घेतलेल्या त्या कागदानं उद्यम नोंदणीवाला कारखानदार आपले १५ दिवस आपल्या हातानं सोडून देतो!

तोंडी म्हणून काहीही खपवा, असं माझं म्हणणं नाही. उलट, जिथे खरोखर थांबायला हवं तिथे कोणी थांबत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची बंदची नोटीस लागलेल्या, सहा महिन्यांची उधारी थकवलेल्या कारखान्याची नवी पीओ शिक्क्या-सहीसकट आली की बिल बिनदिक्कत उत्पन्नात जातं. पैसे येणार का, हा प्रश्न एएस ९ मध्येही आहे. पण कागद चकचकीत असला की तो विचारायचा राहून जातो.

चिंचणी, वरोर, वाणगावकडच्या डायमेकरांकडेही एकदा बघा. मुंबईच्या दागिनेवाल्यांसाठी घरोघरी डाय (साचे) कोरल्या जातात. नक्षीचा फोटो मोबाइलवर येतो, खाली आवाजी निरोप, उचल हातात. त्या गिऱ्हाइकाची डाय दुसऱ्याच्या काय कामाची? याहून पक्का करार मला दाखवा.

आयएफआरएस १५ सोबतच्या उदाहरणांत पहिल्याच उदाहरणात एक बिल्डर रेस्टॉरंट काढणाऱ्याला इमारत विकतो. उदाहरण चांगलं आहे. आम्हाला शाफ्टचं हवंय. एएस ९ ला जोडून जॉबवर्कसाठी चार पानांची मार्गदर्शक टीप काढा, आणि ती मराठीतही काढा, कारण चलनं लावणारी पोरं मराठीत विचार करतात. आवकचा शिक्का असलेलं चलन, त्याच दिवसाचा व्हॉट्सअॅप निरोप, मागच्या दोन-तीन बिलांतला दर आणि फोन आला त्याच दिवशी लिहिलेली ऑर्डरची वही, एवढं मिळून कराराचा पुरावा होतो, असं त्यात स्पष्ट म्हणा. मागाहून आलेली पीओ तिच्या खऱ्या तारखेनंच फायलीला लागेल, हेही लिहा. म्हणजे ऑडिटरलाही बोट ठेवायला ओळ मिळेल.

मसुद्यावर हरकती मागवाल तेव्हा मात्र मार्च-एप्रिल टाळा. त्या दिवसांत आम्ही चलनं जुळवत असतो.

आपला,
बोईसरचा एक हिशेबनीस