बालकाची परीक्षा कीं शाळेची?

जन्मतारखेची नोंद घरोघर नसे त्या काळीं गुरुजी मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हातीं लागला कीं मूल पटावर चढलें! या कसोटीस आज आपण हंसतों. परंतु साडेतीन वर्षांच्या बालकास आईपासून दूर करून परक्या खोलींत बसविणें, फळांचीं नांवें इंग्रजींत विचारणें, आणि तें घाबरून मुकें राहिलें कीं 'अद्याप तयार नाहीं' असा शेरा मारणें, ही कसोटी त्याहून शहाणी आहे काय?

तयारी म्हणजे तरी काय? १९३१ सालीं अमेरिकेंतील मॉर्फेट व वॉशबर्न यांनीं, मुलाचें मानसिक वय साडेसहा वर्षांचें झाल्यावर वाचन शिकवावें, असें प्रतिपादिलें. पुष्कळ शाळांनीं तो आंकडा शिरोधार्य मानून वाचन लांबणीवर टाकलें. पुढें न्यूझीलंडमधील मेरी क्ले यांनीं दाखविलें कीं, पुस्तक सुलट धरणें, ओळ कोठून कोठें जाते हें उमगणें, येथूनच वाचनास आरंभ होतो. तयारी ही अढींतल्या आंब्यासारखी आपोआप पिकत नाहीं. ती करून घ्यावी लागते.

मराठींत तर ती कानापासून होते. 'कमळ' या शब्दांतील 'क' काढला तर काय उरेल, असें विचारतांच जें मूल 'मळ' म्हणून हंसतें, तें अक्षरांच्या उंबरठ्यावर आलेंच. न सांगतां आलें तर त्यास आणखी गाणीं, आणखी गोष्टी हव्यात, एवढाच त्याचा अर्थ. 'घ' आणि 'ध' यांत गल्लत करणारें मूल मंद नव्हे. तसें तर आमचेंही झालें होतें.

ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. पुढें कोसबाडला तर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळाच कुरणांत गेली. तेथें कोणी मुलांची तयारी तपासली नाहीं. शाळेनें आपली तयारी केली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशासाठीं बालकाची वा पालकांची चांचणी घेण्यास मनाई केली. मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. म्हणूनच आमच्यासारख्या मिशनच्या शाळांवर जबाबदारी अधिक. येथें कायद्याचा धाक नसून केवळ आपली सदसद्विवेकबुद्धि आहे. पारख करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. ती प्रवेशानंतर, महिनाभर, खेळतां खेळतां करावी. कोणास ऐकूं कमी येतें, कोणास फळ्यावरचें दिसत नाहीं, कोणाच्या घरची बोली निराळी आहे, हें वर्गशिक्षिकेस वेळीच कळावें, याचसाठीं ती हवी. पुढच्या प्रवेशाच्या वेळीं शिशुवर्गाच्या दाराशीं प्रश्न विचारण्यासाठीं मांडलें जाणारें तें टेबल तेवढें उचलावें, ही आमची चालकांस विनंति आहे.