कोअर मोजावेत की काम पाहावे?

दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून बंगळूरूच्या एस. पी. रोडपर्यंत जुनी वर्कस्टेशन्स धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याला कोअरची संख्या भुरळ घालते. इंटेलच्या २०१२ सालच्या झिऑन ई५-२६९० मध्ये ८ कोअर आहेत, तर २०२२ सालच्या डेस्कटॉपसाठीच्या आय५-१२४०० मध्ये ६. तेवढ्यावरून जुना प्रोसेसर सरस ठरत नाही. नव्याचा प्रत्येक कोअर एका स्पंदात अधिक सूचना पार पाडतो. कमाल वेगही ३.८ ऐवजी ४.४ गिगाहर्ट्झ आहे. विजेचे गणितही नव्याच्याच बाजूचे: जुना १३५ वॅटचा, तर नव्याची घोषित कमाल मर्यादा ११७ वॅट.

तरीही जुन्याला टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. एखादा बिट उलटल्यास ती चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी त्याला चालते. आय५-१२४०० मध्ये ती सोय नाही. अनेक दिवस चालणाऱ्या गणनेत अशी एखादी चूक निष्कर्ष बिघडवते आणि संशोधकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने नवा प्रोसेसर घ्यावा; प्रबंधासाठी दीर्घ गणना करणाऱ्याने आधी मेमरीची विश्वासार्हता पाहावी. पैसा तुटपुंजा असताना निवड आकड्याने नव्हे, कामाने ठरावी.