पेट्रोलची नळी केव्हा बदलावी, कशी बदलावी?

सदर : घरचे यंत्र

दापोलीकडच्या एका आपांचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलाचे अब्बा कुवेतला असतात. सात-आठ वर्षांपूर्वी सुटीवर आले तेव्हा बागेतल्या गवतासाठी पेट्रोलवर चालणारा छोटा पॉवर वीडर घेतला. यंदा तो सुरू होतो, पाच-दहा मिनिटे चालतो आणि गचकन बंद पडतो. मिस्त्री म्हणतो कार्बोरेटर गेला, नवाच टाका. शिवाय पडवीत पेट्रोलचा वास येत राहतो. पडवीला लागूनच आमची चूल आहे. मुलगा अकरावीला आहे. तो म्हणतो, अम्मी, मी मोबाइलवर बघून दुरुस्त करतो. करू द्यावे का?"

यंत्र बंद पडते ही त्यांची मुख्य तक्रार, आणि वासाचा उल्लेख 'शिवाय' म्हणून शेवटी. मी उत्तर मात्र वासापासून सुरू केले. पत्र मिळताच त्यांना कळवले, की आधी यंत्र पडवीतून उचलून अंगणात, घरापासून लांब सावलीत ठेवा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि मग बाकीचे बोलू. ते बाकीचे आता इथे लिहितो, कारण असे वीडर, फवारणी पंप, गवत कापायची यंत्रे आज कितीतरी घरांच्या पडवीत आहेत.

आपल्या घरांना रॉकेलची सवय होती. स्टोव्हमध्ये रॉकेल भरताना चार थेंब सांडले तर फडक्याने पुसायचे आणि काडी लावायची. दोन-तीन पिढ्यांनी हेच केले. पेट्रोलला हा न्याय लावता येत नाही. रॉकेल साधारण ३५ अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तेवढी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने, चोवीस तास ते पेटायला तयारच असते. त्यात ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, उंबरठ्याच्या फटीतून पलीकडे जाते. चूल जमिनीवर असते हे लक्षात घ्या. हवेत या वाफेचे प्रमाण दीड टक्का झाले तरी ठिणगी पुरे. म्हणून ज्या घरात पेट्रोलचा वास येतो, तिथे चूल, अगरबत्ती, विडी तर नाहीच, पण विजेचे बटणही चालू-बंद करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर यावे. हा वास बहुधा घरातल्या बायकांनाच आधी येतो आणि "तुला उगाच वाटते" म्हणून त्यांना गप्प केले जाते. कृपा करून करू नका.

आता वास कशाचा? टाकीचे झाकण सैल नसेल, टाकीला भोक नसेल, तर दहातल्या बहुतेक वेळा दोष टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या वीतभर रबरी नळीचा असतो. आपांच्या यंत्रात आधी तिच्याकडेच पाहायला हवे.

रबर मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. पेट्रोल ती हळूहळू धुऊन नेते. जोवर नळी पेट्रोलने भरलेली आहे तोवर ती फुगलेली, ठीक दिसते. यंत्र चार-सहा महिने कोरडे पडून राहिले की ती आकसते, कडक होते आणि तडे जातात. सायलेन्सरची धग आणि ऊन आहेच. म्हणून रोज चालणाऱ्या यंत्रापेक्षा वर्षातून दोन महिने चालणाऱ्या यंत्राची नळी लवकर जाते. शिवाय पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. देशात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२२ च्या मध्याला गाठला गेला आणि २०२५ मध्ये तो २० टक्क्यांवर गेला. हे इथेनॉल उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून बनते. त्यावर रागवायचे कारण नाही. पण एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे रबर या मिश्रणाचा विचार करून निवडलेले असते, तुमच्या जुन्या वीडरचे तसे असेलच असे नाही. इथेनॉल काही जातींचे जुने रबर फुगवते, आतला थर सोलवटतो. त्याचे कण पुढे जाऊन कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात, म्हणजे जेटमध्ये, अडकतात. मग मिस्त्री कार्बोरेटर बदलतो, यंत्र महिनाभर चालते आणि तीच नळी नव्या कार्बोरेटरमध्ये तोच कचरा सोडते. माझे स्पष्ट मत आहे की जुन्या इंजिनात कार्बोरेटरला हात लावण्याआधी नळी आणि फिल्टर बदलून पाहावे. हे शंभर-दोनशे रुपयांच्या आतबाहेरचे काम आहे.

तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असावे, जागा उघडी असावी. कॉक बंद करून नळी दोन बोटांत दुमडा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या किंवा ती वाळक्या शेंगेसारखी कडक लागली, तर ती गेली. चिकट आणि गिळगिळीत लागली तरीही गेली. बाहेरून चांगली दिसली तर कार्बोरेटरकडचे टोक काढून खाली पत्र्याचा डबा धरा आणि कॉक उघडा. अखंड धार पडली पाहिजे. धार आधी चांगली आणि मग थेंब-थेंब झाली, तर टाकीचे झाकण सैल करा. लगेच धार वाढली तर नळीचा दोष नाही. झाकणात हवा आत यायला बारीक छिद्र असते, ते मातीने बुजले आहे. पाच-दहा मिनिटे चालून बंद पडणे हे या बुजलेल्या छिद्राचेही लक्षण आहे आणि ते साफ करायला एक पैसा लागत नाही. झाकण सैल करूनही धार बारीकच राहिली, तर नळी, फिल्टर किंवा कॉकमधली जाळी तुंबली आहे.

नळी आणायला जाताना जुना तुकडा सोबत न्या. आतला व्यास महत्त्वाचा. १६० सीसीच्या आसपासच्या इंजिनांत तो साडेचार ते सहा मिलिमीटर असतो. एक मिलिमीटर सैल नळी क्लिपने आवळून बसवू असे दुकानदार म्हणेल, ऐकू नका. नळीवर 'एसएई ३० आर ७' किंवा 'आर ९' असे छापलेले असेल तर ती इंधनासाठीच बनवलेली आहे. शिवाय इथेनॉलच्या पेट्रोलला चालते का, हे विचारून घ्या. गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी, ठिबकची नळी, पाण्याच्या फिल्टरची नळी, सलाइनची नळी, यांतले काहीही नको. पारदर्शक प्लास्टिक आतून तेल दिसते म्हणून लोकांना आवडते, पण पेट्रोलमुळे तेही काही महिन्यांत काचेसारखे कडक होते आणि क्लिपपाशी तडकते. गॅसची नळी गॅससाठी असते, ती पेट्रोलला लावू नये. (गॅसच्या नळीवरची मुदत आपण तारीख पाहून पाळतो. पेट्रोलच्या नळीला मुदत असते हे कोणी सांगतच नाही. दोन-तीन वर्षे धरून चाला.) नळीसोबत दोन नव्या क्लिपा आणि एक छोटा फिल्टर घ्या.

काम सकाळी, अंगणात करावे. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. जुन्या नळीचा रस्ता कुठून कसा आहे, त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, मग मोबाइल घरात ठेवून द्या. कॉक बंद करा. कॉक नसेल तर टाकीतले पेट्रोल आधी पत्र्याच्या डब्यात काढून झाकण लावून लांब ठेवा.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण आपल्या गावांत ती सर्रास चालते. पेट्रोल काढायला नळी तोंडात धरून ओढू नये. कधीही नाही. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा छातीत गेलेले घातक असते, घोटभरही लागत नाही, फुप्फुसाला सूज येऊन माणूस दगावू शकतो. कोणाच्या तोंडात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीतूनच ते श्वासनळीत उतरते. तडक दवाखान्यात न्या, ठसका लागत असेल तर एक क्षणही थांबू नका. याच कारणाने पेट्रोल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीवरचे लेबल वाचत बसत नाही.

नळीची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. नळी ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. टाकीची तोटी प्लास्टिकची असेल तर ती जोर लावल्यावर मोडते, आणि मग शंभराचे काम हजारावर जाते. नळी चिकटून बसली असेल तर ब्लेडने तिला उभी चीर द्या. ब्लेड तोटीवर घासू नये, कारण तिथे ओरखडा उठला की नवी नळीही गळते. नवी नळी जुनीएवढीच, फार तर बोटाच्या पेरभर जास्त ठेवून सरळ कापा. आखूड नळी ताणली जाते, लांब नळी वाकून दुमडते. क्लिपा आधीच नळीवर चढवा, मागाहून त्या जात नाहीत. टोकाला आतून इंजिन ऑइलचे बोट लावले की नळी तोटीवर सहज चढते. ती तोटीच्या फुगीर कडेपलीकडे चांगली गेली पाहिजे आणि क्लिप त्या फुगीर कडेच्या मागे बसली पाहिजे. क्लिपेऐवजी बारीक तार पिळतात, ती रबरात रुतून नळी कापते. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे. नळी सायलेन्सरला टेकणार नाही, हलत्या भागाला घासणार नाही, हे फोटोशी ताडून पाहा.

मग कॉक उघडा आणि दहा मिनिटे काही करू नका. कोरड्या पांढऱ्या कागदाने दोन्ही जोड टिपा. कागद ओला झाला तर इंजिन सुरू करायचे नाही. कोरडा राहिला, सांडलेले पेट्रोल उडून गेले आणि वासही गेला, की प्लगची टोपी लावून दोरी ओढा. जवळ बादलीभर कोरडी वाळू असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरते. कामाच्या चिंध्या चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका, उन्हात बाहेर पसरून पूर्ण वाळू द्या. डब्यातले जुने, आंबूस वासाचे पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

मुलाला हे करू द्यावे का, हा आपांचा प्रश्न राहिला. मला वाटते, द्यावे. अकरावीच्या मुलाच्या हातात बसेल असे काम आहे. पण त्याने एकट्याने नव्हे, चाचा, मामू किंवा अम्मी स्वतः शेजारी उभी राहून, आणि धाकट्या भावंडांना घरात ठेवून. मोबाइलवरच्या चित्रफिती बहुधा परदेशातल्या बाग-ट्रॅक्टरच्या असतात. त्यांत इंजिनाला अनेकदा वेगळा पेट्रोल पंप असतो, नळ्या दोन-तीन असतात. आपल्या साध्या वीडरमध्ये टाकी वर, कार्बोरेटर खाली आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरते, एवढा फरक त्याला आधी समजावून सांगावा. नळी, फिल्टर आणि झाकण पाहूनही यंत्र बंदच पडत असेल, तर मग मिस्त्रीला कार्बोरेटर उघडू द्या, तोही आधी साफ करायला, बदलायला नव्हे.

गवत कापायच्या यंत्रांत टाकीच्या आत जाणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. त्यांची कहाणी थोडी निराळी आहे, ती पुढील अंकात.