विकायचा वाडा, राहती माणसे

दर दिवाळीला या सदरात मी दुसऱ्यांच्या घरचे तंटे मांडतो आणि वर शहाणपणही सांगतो. या वर्षी तंटा घरचाच आहे. तेव्हा शहाणपण जरा बेतानेच सांगितलेले बरे!

आमचा वडिलोपार्जित वाडा नगरला, माळीवाड्यात. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले खरे, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसले आहे. वडील गेले. दादा पुण्याला, मी मुंबईला, धाकटी बहीण परदेशात. तुळयांना वाळवी लागलेली आणि घरपट्टी मात्र दरसाल ताजी! तिघांनी मिळून ठरवले, वाडा विकून टाकावा.

पण वाडा रिकामा नव्हता. मागच्या दोन खोल्यांत काकू राहतात. नात्याच्या नव्हेत, भाडेकरूच. पण माझ्या मुंजीत पुरण वाटायला त्याच बसल्या होत्या. आज त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे चुकलेले मला आठवत नाही.

दलाल म्हणाला, “साहेब, रिकामा वाडा द्या, भाव मी आणतो. आजींना आत्ताच काही बोलू नका. खरेदीखत झालं की नवा मालक बघून घेईल.” आम्ही तिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे वाचकांपाशी कबूल करतो.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. “बाळ, दोन माणसं टेप घेऊन अंगण मोजून गेली. माझ्या खोल्यांचीही मापं घेतली. मी त्यांना चहा केला. कोण होती रे ती?”

मला उत्तर देता येईना. त्या रात्री मी कायद्याची पुस्तके काढून बसलो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०९ सांगते, की भाड्याने दिलेली जागा विकता येते आणि त्याला भाडेकरूची परवानगीही लागत नाही. मात्र घेणारा जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो. मालकाचे हक्क त्याला मिळतात, तशीच मालकाची बंधनेही त्याच्या गळ्यात पडतात. विक्री झाली म्हणून भाडेकरार मोडत नाही. त्यातून काकूंसारख्या जुन्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचे संरक्षण आहे. भाडे वेळेवर भरले, अटी पाळल्या, तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्यांना कोणी हलवू शकत नाही. नव्या मालकाला स्वतःसाठी खरोखरच जागा हवी असेल, तरी जास्त हाल कोणाचे होतील, हे कोर्ट तोलून पाहते. आणि पाणी किंवा वीज तोडून माणसाला जेरीस आणणे, हे तर कायद्याने साफ मना आहे. “बघून घेईल” म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळले!

मालकाचेही दुःख खोटे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली होती. ती अशी गोठवून ठेवणे आता न्यायाचे राहिले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ च्या डिसेंबरात म्हटले. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मुळात रुपयांत मोजण्याजोगे भाडे चार टक्क्यांनी वाढून वाढणार किती?

दादाचा सावेडीतला फ्लॅटही त्याच सुमारास विक्रीला होता. तिथे एक तरुण जोडपे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहत होते. तिथला न्याय वेगळा. तो भाडेपट्टा नव्हे, नुसता परवाना. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याचे कलम ५९ म्हणते, की असा परवाना घेणाऱ्यावर आपोआप बंधनकारक नाही. मात्र निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो आणि मुदतीआधी काढले, तर पैसे घेऊन परवाना देणाऱ्याकडे भरपाई मागता येते. तेव्हा वाचकहो, कागदाच्या नावापेक्षा त्यातला मजकूर आधी वाचा. वरकरणी सारखे दिसणारे दोन कागद, पण विक्रीच्या दिवशी त्यांचे फळ निराळे.

शेवटी मी नगरला गेलो आणि जे पहिल्या दिवशी सांगायचे, ते काकूंना महिन्यानंतर सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “विका रे, तुमचाच आहे. पण मला अंगण मोजणाऱ्यांकडून कळायला नको होतं.”

दलाल बदलला. नव्या गिऱ्हाइकाला काकूंच्या भाडेपावत्या आधी दाखवल्या. भाव कमी आला. बहीण कुरकुरली, मग गप्प झाली. खरेदीखतात काकूंची भाडेदारी स्पष्ट लिहिली. मागची थकबाकी कोणाची आणि अनामत कोण परत करणार, हेही लिहून घ्यावे. नाहीतर पुढे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. सावेडीच्या जोडप्याला मुदत संपेपर्यंत राहू दिले आणि खरेदीची तारीख त्यानंतरची धरली.

मग काकूंना आमच्या तिघांच्या सहीचे पत्र दिले: या तारखेपासून भाडे अमुक यांना द्यावे. हे पत्र फार मोलाचे. विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले, तर तेच भाडे त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण म्हातारपणी असले वाद कोणी घालत बसावे?

परवा काकूंचा फोन आला. नव्या मालकाने पहिली पावती दिली म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास टाकतो आहे तोच पुढे म्हणाल्या, “वाडा विकलास, ते ठीक. पण भाऊबीजेला फराळाला यायचं, त्याचं काय?”

तिकीट काढले आहे.