ठिगळांची भूमिती

गोधडीला नवी नक्षी हवी म्हणून हौशी बायका हल्ली भौमितिक आकृत्यांची पुस्तकं चाळतात, आणि त्यात गैर काहीच नाही. ओवेन जोन्सचं १८५६ सालचं ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ उघडा. स्पेनमधल्या अल्हम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवरच्या नक्ष्यांनी पानंच्या पानं भरली आहेत. पण जालना जिल्ह्यात राहणाऱ्याने आधी अंबडची पुष्करणी बारव पाहावी. वरच्या काठावर उभं राहिलं की पायऱ्यांचे दगडी त्रिकोण रांगेनं खाली उतरताना दिसतात, आणि दुपारच्या उन्हात प्रत्येकाची एक बाजू उजळ, एक काळी. गडद आणि फिक्या ठिगळांची जोडणी याहून सोपी कोण शिकवणार? पुस्तकातली बारा टोकांची चांदणी मात्र जुन्या लुगड्यात उतरवायला जाऊ नये. विरलेलं कापड तिरकं कापलं की ताणतं, टोकाला टोक जुळत नाही, आणि मग चिडचिड. चौकोन सरळ धाग्यावर कापावा, त्रिकोणाची तिरकी बाजू न ओढता टाचावी, धावदोरा काठाकडून आत न्यावा. आधी चौकटीच्या वहीत एकच पायरी काढून रंगवा; कात्री नंतर.