माळशेजचा चढ आणि मोटारीचा श्वास

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वैशाखरे व मुरबाड यांमध्यें उतारूंची मोटार चालवितो. कधीं भाडें मिळालें तर घाटही चढतो. गाडी कर्जाची आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो मजकडे येऊन म्हणाला, "सर, माळशेज चढतांना गाडीला दम लागतो. मिस्त्री म्हणतो, कंपनीचा हवेचा डबा काढून मोकळा फिल्टर बसवूं. बारा हजार लागतील. बसवूं का?" त्यास मीं जें उत्तर दिलें तेंच येथें थोडें विस्तारानें लिहितों, कारण आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलें घरच्या मोटारसायकलींवर हाच प्रयोग करूं पाहत आहेत, आणि पालकांस त्याचा पत्ताही नाहीं.

प्रथम त्याच्या म्हणण्यांतील खरा भाग मान्य केला पाहिजे. इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों, परंतु त्याचा मोठा आहार हवा हाच आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलामागें जवळजवळ नऊ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेतें. माळशेजचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच. तेथें हवेचा दाब कल्याणपेक्षां सुमारें आठ टक्के कमी असतो, आणि टर्बो नसलेल्या गाडीची शक्तिही जवळजवळ त्याच मानानें घटते. तेव्हां तक्रार खोटी नाहीं. पलीकडे नाणेघाटाच्या वाटेनें सातवाहनकाळीं ओझीं घेऊन चढणाऱ्या बैलांचीही तीच तक्रार असेल; त्यांच्या नाकपुड्या रुंद करण्याचें मात्र कोणास सुचलें नसावें!

परंतु कारखान्यांतून आलेला तो काळा डबा अडाण्यानें बनविलेला नाहीं. त्याचें तोंड बहुधा पुढच्या जाळीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवलेलें असतें. कारण थंड हवा दाट असते. डबा काढून मोकळा फिल्टर बॉनेटखालीं उघडा ठेवला कीं तो तेथील तापलेली हवा ओढूं लागतो. ३० अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली तर तितक्याच जागेंत सुमारें नऊ टक्के कमी हवा मावते. दार रुंद करून जें मिळवावें, तें उष्णता खाऊन टाकते. आवाज मात्र खचित वाढतो, कारण डब्याच्या पोकळीचें एक काम हवेचा घोंघाट दाबण्याचें असतें. चालक तो आवाज ऐकतो आणि त्यासच शक्ति समजतो. शिवाय पेट्रोलच्या गाडींत आंत किती हवा यावी हें ॲक्सिलरेटरनें उघडणारी झडप ठरविते, व सपाट रस्त्यावर ती बहुतेक वेळ अर्धवट मिटलेलीच असते. जें दार आपणच लोटून घेतलें, त्याच्यापुढचें अंगण रुंद करून घरांत वारा कसा वाढावा?

माझा मोठा आक्षेप मात्र धुळीचा व पाण्याचा आहे. आमच्या भागांत भाताची झोडणी झाली कीं वीटभट्ट्या पेटतात, आणि पहिल्या पावसापर्यंत रस्त्यावर मुरुमाची धूळ उडते. जी गाळणी हवा सैल सोडते ती पुष्कळदां बारीक धूळही सैल सोडते. ती धूळ सिलिंडरच्या भिंती घासून काढते. कांहीं फिल्टरांना तेल लावावें लागतें. तें जास्त झालें तर हवा मोजणारा सेन्सर बिघडतो.

पाण्याचा अनुभव तर माझा स्वतःचा आहे. एका मिस्त्रीच्या सल्ल्यानें मींही पूर्वीं असा फिल्टर बंपरच्या मागें खालीं बसविला होता. २०१७ च्या आषाढांत एका मोरीवरून गुडघ्याहून कमी पाणी वाहत होतें. मीं गाडी घातली, आणि ती मध्येंच ठप्प झाली. पाणी दाबलें जात नाहीं. एका सिलिंडरची धांव ३०० घनसेंटीमीटर असली व दहास एक असा दाब असला, तर वर उरणारी जागा अवघी ३३ घनसेंटीमीटर. तेवढें, म्हणजे दोन मोठे चमचे, पाणी शिरलें कीं कनेक्टिंग रॉड वांकतो. माझा वांकला. दुरुस्तीचा आंकडा घरांत कित्येक महिने कोणी उच्चारला नाहीं.

शर्यतीच्या गाड्यांत हवेची वाट बदलतात हें खरें. पण तेथें इंजिनाचे इतर भाग, संगणकांतील मोजमाप व चांचणी हीं सर्व बरोबर बदलतात. रोज दहा माणसें वाहणाऱ्या गाडीस तो न्याय लागत नाहीं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यास बंधन घालतें. फिल्टर त्यांत येतो कीं नाहीं यावर वाद घालतां येईल, परंतु हमींतून अंग काढण्यास कंपनीस तेवढें निमित्त पुरतें.

म्हणून मीं त्यास सांगितलें, आधीं डबा उघडून पाहा. उघडला. गाळणी धुळीनें काळी ठिक्कर झाली होती, आणि डब्याच्या नळींत उंदरानें पेंढा भरून ठेवला होता! नवी गाळणी पांचशेंच्या आंत आली. घाटांत गाडीला अजून थोडा दम लागतो. पण तो आतां दुसऱ्या गिअरांत निमूटपणें चढतो, आणि उरलेले पैसे हप्त्यांत गेले. त्याचा धाकटा भाऊ आमच्या नववींत आहे. परवां त्याच्या मोटारसायकलीचा आवाज मला फाटकापासूनच वेगळा वाटला.