सोबतीचे तिकीट

करमणूक-उद्यानांच्या जाहिराती वाचकांनी पाहिल्याच असतील. त्यांत एक हसरे कुटुंब असते. आई, वडील, दोन मुले आणि पांढऱ्या केसांची आजी. सगळे एकाच पाळण्यात बसून, हात वर करून ओरडत असतात. गेल्या दिवाळीनंतर आम्हीही अशा एका उद्यानात सहकुटुंब जाऊन आलो. आमच्या घरची आजी, म्हणजे माझी आई, पाळण्यात बसली नाही. ती बाकावर बसली आणि आमच्या चपला-पिशव्या सांभाळत राहिली. त्या बाकाचे बाराशे रुपये पडले. त्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. उद्यानाचे नाव लिहीत नाही, कारण ही रीत त्या एकट्याची नव्हे.

जायचे दादाच्या मनात फार दिवसांपासून होते. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, त्याची जाहिरात तो लहानपणी शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून टी.व्ही.वर पाहत असे. तेव्हा जाणे झाले नाही. आता तो चाकणला कारखान्यात आहे, बोनस मिळाला, आणि आपल्या पोरांना तरी न्यावे असे त्याने ठरवले. दादा, वहिनी, सात वर्षांची चिऊ, चार वर्षांचा गोट्या, आई आणि मी असे सहा जण निघालो. वडील बाजार समितीत हमाल आहेत. ते म्हणाले, "जन्मभर पोती घेऊन गरागरा फिरतोय, आता पैसे देऊन कशाला फिरू?" बाबांचा हा युक्तिवाद अजून कुणाला खोडता आलेला नाही.

तिकिटे मी मोबाइलवर काढली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजीचे जे काही असेल ते माझ्याकडे येते. बारीक अक्षरांतल्या अटींखाली 'मान्य' म्हणून मी खूण केली. अटी वाचल्या नाहीत. फाटकावर पिशव्या तपासल्या तेव्हा पहाटे चारला उठून आईने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर निघाली. "बाहेरचे खाणे चालत नाही," असे सांगण्यात आले. आईने माझ्याकडे पाहिले. ती रागावली नव्हती. मला वाचता येते तर मी आधी सांगायला हवे होते, एवढेच त्या पाहण्यात होते, आणि ते खरेच होते. दशम्या गाडीत परत गेल्या. आत दोन पोरांच्या वड्यांना आणि ताकाला जे पैसे पडले, तेवढ्यात आमच्याकडे दोन दिवसांचा भाजीपाला येतो.

मालकाची बाजू मी नाकारत नाही. जागा त्याची, नियम त्याचे. चित्रपटगृहांविषयीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असेच म्हटले आहे. पण त्याच वेळी न्यायालयाने हेही नोंदवले, की पिण्याचे स्वच्छ पाणी सर्वांना फुकट मिळावे आणि लहान मुलासाठी आईबापांना बेताचे खाणे बरोबर नेता यावे. चित्रपट तीन तासांत संपतो. उद्यानात पोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते. मग तिथे हा विचार अधिक नको का?

खाण्यापिण्याचे एक वेळ सोडून देऊ. माझी खरी तक्रार दोन रेघांविषयी आहे. पहिली रेघ तिकिटाच्या खिडकीजवळ होती, पावणेतीन फुटांवर. तिच्या खालचे मूल फुकट, वरच्याला साडेआठशे रुपये. दुसरी रेघ मोठ्या पाळण्यांच्या तोंडाशी, चार फुटांवर. तिच्या खालचे मूल आत नाही. गोट्या तीन फूट चार इंच आणि चिऊ चार फुटांना एक इंच कमी. म्हणजे पैसे घेण्यापुरती दोघे मोठी आणि बसायची वेळ आली की लहान! चिऊ तर त्या काठीजवळ टाचा उंचावून उभी राहिली. तिथल्या मुलीने हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा टाचा खाली आल्या.

त्या मुलीने चिऊला सोडायला हवे होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. काही पाळण्यांत दोघांच्या मांडीवर मिळून एकच दांडा येतो. तो मोठ्या माणसाच्या मांडीला टेकून थांबतो आणि शेजारच्या लहानग्यापुढे मोकळी जागा उरते. मूल निसटते ते त्या जागेतून. आमच्या भैरोबाच्या जत्रेतल्या पाळण्यावर अशी काठी कुणी रोवत नाही. तिथे पुढे दोरी बांधतात आणि पाळणेवाला "घट्ट धरा" म्हणतो. त्यामुळे पाळण्याजवळची चार फुटांची रेघ अगदी योग्य आहे आणि तिच्यात एका बोटाचीही सूट नसावी. चुकीची आहे ती खिडकीजवळची. अर्धे पाळणे ज्याला बंद आहेत, त्याच्याकडून सगळ्या पाळण्यांचे पैसे कोणत्या न्यायाने घ्यायचे?

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. मोठ्यांची चार तिकिटे प्रत्येकी बाराशे आणि मुलांची दोन साडेआठशे, एकूण साडेसहा हजार. दादाने नऊ फेऱ्या घेतल्या, मी आठ, चिऊने पाच, गोट्याने चार. वहिनीने तीनच, कारण गोट्याला रांगेबाहेर कुणीतरी धरायला हवे होते. आणि आईची एक, गोट्यासोबत झुकझुक गाडीतली. बाकी सगळीकडे 'रक्तदाब, कंबरदुखी असणाऱ्यांनी बसू नये' अशी पाटी होती आणि आईला दोन्ही आहेत. एकूण तीस फेऱ्या. सरासरी फेरी सुमारे २१७ रुपयांना पडली. आईची एकटीची बाराशेला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत म्हणाल तर ती बावन्न वर्षांची आहे. थोडक्यात काय, ती चार फुटांच्या वर आणि साठ वर्षांच्या खाली सापडली.

जत्रेत हीच आई वेगळी असते. पैसे तिच्या रुमालाच्या गाठीत असतात. एक पाळणा की दोन, आधी देऊळ की आधी गोडीशेव, हे ती ठरवते. ती स्वतः पाळण्यात बसत नाही, पण पाळण्याखाली उभे राहण्याचे पैसे तिला कुणी मागत नाही. उद्यानात तिच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली, आणि मग तिला विचारण्याजोगे काही उरलेच नाही. ती पट्टी तिने तीन दिवस काढली नाही. दळण आणायला जाताना बायका विचारायच्या, ती म्हणायची, "बाराशेची हाय, इतक्यात कशाला तोडू?"

माझा हिशेब आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी पाहिला आणि सांगितले, की हा प्रश्न जुना आहे. वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली यावर लेख लिहिला आणि शीर्षकातच डिस्नेलँडचे नाव घातले. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली उघडले तेव्हा प्रवेश प्रौढाला एक डॉलर, मुलाला अर्धा, आणि पाळण्यांचे पैसे निराळे होते. म्हणजे आपल्या जत्रेचीच तऱ्हा. पुढे तिथे कुपनांच्या वह्या निघाल्या, साध्या गमतीला एक कूपन आणि थरारक पाळण्याला दुसरे, महाग. १९८२ साली कुपने बंद होऊन सगळ्यांचे मिळून एकच तिकीट आले. ओयचे म्हणणे असे, की सगळी गिऱ्हाइके सारखी असतील तर दारात एकदाच घसघशीत घ्यावे आणि आत फेऱ्या स्वस्त सोडाव्या. मालकाला त्यातच जास्त मिळते. गिऱ्हाइकाचे जे संतोषाधिक्य आपण परीक्षेत आकृती काढून दाखवतो, ते दारातच काढून घेता येते. गिऱ्हाइके निरनिराळी असली की मात्र हे गणित अवघड होते. आणि कुटुंबाइतकी निरनिराळी गिऱ्हाइके एका गाडीतून दुसरी कोणती उतरणार? बाकावर बसलेल्या आईपाशी कसले आले संतोषाधिक्य?

तेव्हा पुन्हा कुपने आणा, असे मी वहिनीला म्हणाले. मला वाटले, ती मान डोलावेल. ती म्हणाली, "नको गं ताई. त्या दिवशी पोरांनी जे मागितलं त्याला 'हो' म्हणाले मी. एरवी दुकानापुढून जाताना यांचे डोळे झाकून न्यावे लागतात. कुपनं असती तर तिथंही तेच झालं असतं."

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. वर्गात शिकलेल्या कोणत्याच आकृतीत हे 'हो' येत नाही. दोन दिवस विचार करून मी माझी मागणी बदलली. पोरांचे एकच तिकीट राहू द्यावे, पण ते त्यांना खुल्या असलेल्या पाळण्यांपुरते असावे, आणि चार फुटांखालच्यांना त्यामानाने स्वस्त. आणि ज्यांना पाळण्यात बसायचे नाही, बसता येत नाही, त्यांना फक्त सोबतीला आत जाण्याचे तिकीट मिळावे, शंभर-दीडशे रुपयांचे. मालकाचा त्यात तोटा नाही. पोरांना धरणारे माणूस बरोबर असले, तर वहिनीसारख्या आणखी चार बाया पाळण्यात बसतील.

पुढच्या दिवाळीपर्यंत चिऊ चार फुटांची होईल. दाराच्या चौकटीवर तिने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे आणि रोज सकाळी ती पाठ टेकवून बघते. तिला न्यावेच लागणार. आईने मात्र आत्ताच सांगून टाकले आहे, "मी न्हाई येत. माझ्या तिकिटात दोघांना कपडे होतील." शंभर रुपयांत जाता आले तर, असे मी विचारले. तेव्हा तिने आधी दशम्या आत नेऊ देतात का ते नीट वाचून ये, म्हणून सांगितले.